बदलीचा हुकूम आणि बिऱ्हाड

'बदली' हा शब्द सरकारी दप्तरात फार थोडी जागा घेतो. अमुक इसमाने अमुक जागेचा चार्ज सोडून अमुक तारखेस तमुक जागी हजर व्हावे, की झाले. या ओळीत एकच माणूस असतो. त्याच्यामागून त्याची बायको निघते, मुले निघतात, म्हातारी आई निघते, देव्हारा निघतो, पाटा-वरवंटा न्यावा की इथेच कोणास देऊन टाकावा याचा वाद निघतो. यांपैकी कशाचीही नोंद त्या ओळीत नसते. पुढे राज्यकारभाराचा इतिहास लिहिणारे याच ओळींवर विसंबून लिहितात. त्यामुळे आमच्या थोर पुरुषांच्या चरित्रांत 'नंतर त्यांची बदली धुळ्यास झाली' असे एक वाक्य येते, आणि पुढच्याच वाक्यात ते धुळ्याच्या कोर्टात बसलेले असतात. मधला रस्ता आणि त्या रस्त्यावरचे बिऱ्हाड कुठेच दिसत नाही. आज आम्हांस त्या बिऱ्हाडाविषयी बोलावयाचे आहे.

बदली ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. मोगल बादशहा आपल्या मनसबदारांस रोख पगाराऐवजी बहुधा जहागिरी नेमून देत आणि त्या जहागिरी थोडथोड्या वर्षांनी फिरवीत. हेतू उघड होता. एके ठिकाणी फार दिवस राहिलेला सरदार तिथल्या मातीत मुळे धरतो, सोयरिकी जोडतो, आणि वेळ आली की बादशहास जुमानीत नाही. बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने या पद्धतीवर झोड उठविली. उद्या जायचेच आहे तर आज रयतेला पिळून घ्यावे, अशी सरदारांची वृत्ती होते, ही त्याची तक्रार रास्तच होती. परंतु सरदाराच्या घरच्यांचे काय होते हे समजण्यासाठी दुसऱ्या एका माणसाकडे वळावे लागते. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ. मोगलांच्या नोकरीत त्याने सारी दख्खन पालथी घातली आणि आपल्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. औरंगजेब 1682 साली दख्खनेत आला तो 1707 साली अहमदनगराजवळ मरेपर्यंत परत गेलाच नाही. पंचवीस वर्षे बादशहा छावणीत, म्हणजे त्याचे सारे चाकरही छावणीत. भीमसेन सांगतो की या काळात छावणीतच जन्मून तिथेच मोठी झालेली माणसे होती, आणि डोक्यावर छप्पर म्हणजे तंबू, याहून दुसरे घर त्यांना ठाऊकच नव्हते. मराठ्यांनी औरंगजेबाला कसे जेरीस आणले हे आपण अभिमानाने सांगतो, ते सांगावेच. पण त्या तंबूंत वाढलेल्या पोरांचा हिशेब कोणत्या बाजूस मांडावयाचा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा पडतो.

आमच्या समाजाची घडण याच्या अगदी उलट होती. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही सारी वतनदार मंडळी. वतन म्हणजे नोकरी, आणि वतन म्हणजेच गावही. दोन्हींना शब्द एकच. नोकरीसाठी गाव सोडावयाचे ही कल्पनाच त्या शब्दात बसत नाही. वतनासाठी भावाने भावाचा गळा कापल्याच्या कथा जुन्या कागदांत आहेत. वतन सोडून देण्याच्या फारशा नाहीत. शिवछत्रपतींच्या राज्यात मात्र किल्ल्यावरचे अधिकारी एके जागी कायम ठेवू नयेत असा कटाक्ष होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरचे कामगार ठरावीक मुदतीने बदलण्याचा दंडक आला आहे. कारण तेच, जे मोगलांचे होते. राज्यकर्ता कोणीही असो, चाकराने मुळे धरू नयेत ही त्याची इच्छा असते, आणि मुळे धरावीत ही चाकराच्या घरधनिणीची असते. पेशवाईच्या उत्तरार्धात मामलतीसुद्धा वंशपरंपरा होऊ लागल्या, तेव्हा घरधनिणींचा जय झाला असे म्हणावयास हरकत नाही. राज्याचे काय झाले ते सर्वांस विदित आहे.

अशा वतनी समाजावर एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याची नोकरी येऊन पडली. हा इलाखा केवढा तर सिंधपासून कारवारपर्यंत. 1936 साली सिंध वेगळा झाला तोवर पुण्याच्या कारकुनाने कराचीस जाणे हा एकाच इलाख्यातला प्रवास होता. भाषा चार: मराठी, गुजराती, कानडी, सिंधी. 1853 साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या दहाबारा वर्षांत घाट फुटले हे खरे, पण जिल्ह्याच्या ठाण्यास पोहोचावयाचे तर शेवटी बैलगाडीच. धुळ्याचेच पाहा. चाळीसगावाहून धुळ्यास जाणारा लोहमार्गाचा फाटा 1900 साली सुरू झाला.

या इलाख्यात पहिला हिंदी सिव्हिलियन आला तो बंगाली. सत्येंद्रनाथ टागोर 1864 साली इकडे रुजू झाले आणि अहमदाबाद, कारवार, सोलापूर अशी ठाणी करीत 1897 साली साताऱ्याच्या न्यायाधीशाच्या जागेवरून निवृत्त झाले. त्यांची कन्या इंदिरादेवी 1873 साली जन्मली ती कलकत्त्यास नव्हे, तर विजापूरकडील कलादगीस. बंगालच्या एका श्रेष्ठ घराण्यातील लेक कानडी मुलखात जन्मावी, याला कारण एक सरकारी हुकूम. याच बदल्यांमुळे धाकटे बंधू रवींद्रनाथ 1878 साली अहमदाबादच्या शाहीबागेत आणि 1883 साली कारवारच्या समुद्रकाठी राहून गेले आणि पुढे दोन्ही जागा त्यांच्या लिखाणात उतरल्या. सत्येंद्रनाथांनी तर तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. बदलीने काही दिलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पण ही मंडळी साहेबी इतमामाने राहणारी होती. मध्यम पगाराच्या मराठी घरात काय होत होते ते पाहावयाचे तर रमाबाई रानड्यांकडे जावे लागते.

माधवराव रानडे आम्हां व्याख्यान ऐकणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना दुहेरी जवळचे, कारण 1875 साली पुण्यात वसंतव्याख्यानमालेचे रोप लावणाऱ्यांत ते अग्रणी. 1871 पासून ते पुण्यात सबजज्ज होते. सार्वजनिक सभा, व्याख्याने, वर्तमानपत्रे, सगळ्यांत त्यांचा हात. 1878 च्या आरंभी त्यांची नाशिकास बदली झाली. तेथे बिऱ्हाड स्थिरस्थावर होते न होते तोच 1879 चा मे महिना आला. वासुदेव बळवंतांच्या बंडाने सरकार हबकलेले. त्यातच पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. सुटीसाठी माधवराव पुण्यात होते. सुटी संपण्याचीही वाट न पाहता हुकूम आला की धुळ्यास रुजू व्हा. मित्रमंडळींनी सल्ला दिला की प्रकृतीचे कारण पुढे करावे, खानदेशचा उन्हाळा सोसणार नाही असे कळवावे. माधवरावांनी ते मानले नाही. चाकरी आहे तोवर हुकूम पाळावयाचा, आणि तो असह्य झाला तर चाकरी सोडावयाची. खोटी सबब सांगावयाची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही झाली चरित्रातली गोष्ट. रमाबाईंच्या आठवणी 1910 साली निघाल्या, त्यांत तिची दुसरी बाजू आहे. त्या वेळी रमाबाई सतरा वर्षांच्या. धुळ्याच्या त्या घरात टपाल उशिरा येई आणि फोडून पुन्हा चिकटविलेले येई. बंडवाल्यांच्या नावाची पत्रे मुद्दाम धाडली जात. माधवराव ती वाचून शांतपणे पोलिसांकडे पाठवून देत. पुढे पोलन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने फिरावयास गेले असता सहज बोलल्यासारखे सांगितले की, तुमच्याविषयीचा संशय फिटला. पुरुषाच्या बाबतीत प्रकरण तेथे मिटले. पण परक्या गावात, ओळखीचे एक दार नाही, अशा घरात दररोज दुपारी फोडलेले टपाल उशिरा हाती पडण्याची वाट पाहणे हा काय अनुभव असेल? आम्हांस असे वाटते की, या बदलीचा सर्वांत कठीण भाग तो होता, आणि तो सोसण्याबद्दल भत्ता नव्हता.

तथापि याच आठवणींत उलट दिशेची एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे गेलो तर आम्ही एकांगी ठरू. पुण्याच्या वाड्यात सासूबाई, नणंद, इतर वडीलधाऱ्या बायका होत्या, आणि सुनेने पाटी-पुस्तक धरणे त्यांपैकी कोणासही रुचत नव्हते. टोचून बोलणे, अबोला, सारे रमाबाईंनी सोसले. नाशिकास गेल्यावर पहिल्याने घर त्यांचे झाले. खर्चाचा हिशेब त्यांच्याकडे आला, इंग्रजीचे धडे सुरू झाले, चार बायकांत बसण्या-बोलण्याची सवय झाली. पुढे माधवराव शेतकरी कायद्याच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे करीत, तेव्हा मुक्कामावरही अभ्यास चाले. 1886 साली फायनान्स कमिटीच्या कामाने सिमला-कलकत्ता झाले. कलकत्त्यास माधवराव बंगाली शिकू लागले, तर दाढी करावयास आलेल्या न्हाव्यालाच शब्दांचे अर्थ विचारीत, आणि रमाबाईंनी त्यावरून त्यांची थट्टा केली. पुढे सेवासदन चालविणारी बाई घडली ती अर्धी पुण्यात आणि अर्धी पुण्याबाहेर, असे म्हटले तर चूक होणार नाही. सरकारने ज्या बदलीने नवऱ्याला शिक्षा करावयाचे योजिले, तिनेच बायकोला वाड्यातून सोडविले. हे सरकारच्या मनात नव्हते. इतिहासात पुष्कळ गोष्टी कोणाच्याच मनात नसताना घडतात.

परंतु हे सुख एका अटीवर होते. पगार नियमित हवा, आणि जाणाऱ्या माणसास बायकोची सोबत हवी असावयास हवी. ही अट जेथे नव्हती तेथे काय झाले याचे चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी काढून ठेवले आहे. रेव्हरंड टिळकांना कोणी बदलीचे हुकूम धाडीत नव्हते. ते स्वतःच स्वतःस हुकूम धाडीत. नाशिक, मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव, मुंबई: कुठे शाळेत मास्तर, कुठे पंडित, कुठे नुसतेच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान आपले बिऱ्हाड बरोबर नेतो. लक्ष्मीबाई कधी बरोबर असत, कधी कोणा नातलगाकडे ठेवलेल्या असत, आणि आपण या दोहोंपैकी कोणत्या अवस्थेत आहो हे त्यांस नेहमी आगाऊ कळत नसे. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि पुढची काही वर्षे हे जोडपे दुरावले; नंतर अहमदनगरास संसार पुन्हा उभा राहिला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो. हसावे अशीच त्यांनी ती लिहिली आहेत. पण त्या पुस्तकातली गावे एकदा कागदावर ओळीने मांडून पाहा, म्हणजे त्या हसण्याची किंमत कळेल.

येथवर आम्ही ज्या घरांविषयी बोललो त्यांना नव्या गावात गेल्यावर निदान भाड्याचे घर मिळत होते, पाणी मिळत होते. ज्यांना तेही मिळत नव्हते त्यांच्यासाठी बदली म्हणजे निराळीच गोष्ट.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. फौजेतल्या माणसाचे घर म्हणजे छावणी. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य, 1891 साली महूच्या छावणीत जन्मले. पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीस आले, तेथून साताऱ्यास. साताऱ्यासच भीमाबाई वारल्या. रामजींना काम मिळाले ते खटाव तालुक्यात गोरेगावास, तळ्याच्या कामावर खजिनदाराचे. मुले साताऱ्यास आत्याजवळ आणि बाप गोरेगावास, अशी घराची फाळणी झाली. 1901 च्या उन्हाळ्यात बापाने मुलांना बोलाविले. भीमराव, त्यांचे बंधू आणि वारलेल्या बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीत बसली. हा प्रवास बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. मसूर स्टेशनावर कोणी न्यावयास आले नव्हते, कारण पत्र गड्याच्या हाती पडले ते त्याने बापाला दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरास मुलांची जात कळताच तो पाच पावले मागे सरला. एकही गाडीवान त्यांस बसवून न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, ते अशा अटीवर की, गाडी पोरांनी हाकावयाची आणि गाडीवान शेजारून चालणार. डब्यात जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. वाटेवरच्या टोलनाक्यावर आपण मुसलमान आहो असे सांगूनही पाहिले. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुले गोरेगावास पोहोचली.

कामासाठी घर पांगणे आणि मुलांनी बापाच्या मागोमाग जाणे ही याच इलाख्यात हजारो घरांत घडणारी गोष्ट. रानड्यांच्या घरात तिचा त्रास फोडलेल्या टपालाचा होता, येथे तो तांब्याभर पाण्याचा झाला. सोळा वर्षांनी, 1917 साली, कोलंबियाची विद्या घेऊन आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी म्हणून एका पारशी खाणावळीत उतरले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. ती नोकरी थोड्याच दिवसांत सुटली. पत्नी रमाबाई त्या वेळी मुंबईस परळला राहात होत्या. त्यांना बडोद्यास नेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

गिरणीत येणाऱ्या कोकण्या-घाट्यांची कथा वेगळ्या व्याख्यानाची आहे. त्यांनी संसार हलविला नाही. त्याचे दोन तुकडे केले. पुरुष मुंबईच्या खोलीत दाटीने राहिले, बायका गावी शेताजवळ राहिल्या, आणि मध्ये मनिऑर्डर हिंडत राहिली.

स्वराज्यात हे सारे पालटेल अशी अपेक्षा होती. एका अर्थी ते आणखीच विचित्र झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा माणसे हलली नाहीत, राजधान्याच हलल्या. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातील नोकरांपुढे भोपाळ की मुंबई असा प्रश्न उभा राहिला. मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादेतून सुटून आले. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार म्हैसुरास गेले. भाषावार राज्य व्हावे म्हणून ज्या सभा झाल्या त्यांत घरभाड्याचा विषय कोणी काढला असेल असे आम्हांस वाटत नाही.

बदलीच्या ओळीत मूल प्रथम शिरले ते आमच्या मते 1962 साली. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने त्या वर्षी केंद्रीय शाळांची योजना मंजूर केली आणि पुढच्या वर्षी पलटणींच्या वीस शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली. हीच पुढे केंद्रीय विद्यालये झाली. कारण साधे होते. बाप जम्मूहून पुण्यास आला तर मुलाचे पुस्तक बदलू नये. भीमसेनाच्या तंबूतल्या पोरांपासून येथवर यावयास पावणेतीनशे वर्षे लागली. महाराष्ट्राने आपल्या नोकरांसाठी कायदा केला तो 2005 साली. सर्वसाधारणपणे तीन वर्षे एका जागी, आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. हे महिने उन्हाळी सुटीचे आहेत, हा योगायोग नव्हे. 1879 च्या मे महिन्यातला माधवरावांचा हुकूम मात्र सुटीच्या सोयीने आलेला नव्हता.

या साऱ्या सोयी ज्यास हुकूम मिळतो त्याच्यासाठी. हुकूमाशिवाय हलणारे घर अजून आहेच. 1950 साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कर्तबगारीचा गौरव आपण करतो, आणि तो योग्य आहे. पण ऊस वाढला तसा तो तोडणारा हातही लागला. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात ती पाचसहा महिन्यांनी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा. या व्यवहारात मोजण्याचे माप काय आहे? माणूस नाही. माप 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. रानड्यांच्या बदलीच्या हुकुमात बायको मोजलेली नव्हती. येथे ती मोजलेली आहे, पण अर्धा कोयता म्हणून. ती आजारी पडली तर तो कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. 2019 साली बीडकडील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तो या हिशेबाशी ताडून पाहावयास हवा.

त्यांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. नंतर धोरण बदलले. मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली. काही मुले तेथे राहतात, काही आजीपाशी राहतात, आणि पुष्कळ, विशेषतः धाकट्या भावंडास सांभाळणारी थोरली मुलगी, आईबापांबरोबर फडावर जातात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव तसेच असते. दिवाळीपर्यंत हजर, पुढे रिकामे रकाने, आणि पाडव्याच्या आसपास पुन्हा हजर, तोवर वार्षिक परीक्षा येऊन ठेपलेली असते.